सायलेन्सरच्या उष्णतेवर गाडीचा डबा गार होईल का?

पिंपळगाव बसवंतहून एका गाडीमालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे वीस फुटी रीफर गाडी, म्हणजे गार डब्याची गाडी आहे. हंगामात द्राक्षं आणि एरवी भाजीपाला घेऊन ती वाशी मार्केटला आणि न्हावा शेव्याजवळच्या कोल्ड स्टोअरला जाते. डब्याच्या तोंडावरच्या कुलिंग युनिटला स्वतःचं छोटं डिझेल इंजिन आहे, ते तासाला दोनेक लिटर पितं. मुख्य इंजिनाचा सायलेन्सर मात्र हात लावू देत नाही इतका तापलेला असतो. मग ही फुकट जाणारी उष्णता वापरून डबा गार करता येणार नाही का? गाडीत जमत नसेल तर पॅकहाऊसमधल्या, म्हणजे माल गार करून भरण्याच्या शेडमधल्या, २५० केव्हीए जनरेटरवर जमेल का? आणि इंजिनात शिरणारी हवाच गार केली तर ॲव्हरेज वाढेल का?

आधी सरळ उत्तर देतो. गाडीवर करू नका. जनरेटरवर करता येतं, पण तो वर्षात किती तास चालतो यावर सगळं अवलंबून आहे आणि तुमच्या वापरात ते बसेल असं मला वाटत नाही. इंजिनाच्या हवेचा फायदा तुमच्या ट्रकला जवळजवळ नाही. आता कारणं सांगतो, कारण तुमचा विचार चुकीचा नाही. शीतकरणाच्या कामात मला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली बरीच उष्णतेवर चालणाऱ्या मशीनांवर गेली, आणि हा प्रश्न विचारणारा माणूस मला नेहमी आवडतो. जळणारं डिझेल डोळ्यांदेखत धुरात जाताना पाहून ज्याच्या पोटात तुटतं, तोच असा प्रश्न विचारतो.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट, म्हणजे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. चांगल्या ट्रकच्या इंजिनात त्यातली ३५ ते ४० टक्के चाकाकडे जाते. उरलेल्यातला मोठा भाग सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून जातो, थोडी उष्णता इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी), ऑइल आणि इंजिनाच्या अंगावरून जाते. म्हणजे तुमची गाडी रस्त्यावर तासाला १० लिटर जाळत असेल, तर १०० किलोवॅटपैकी तीसेक किलोवॅट एकट्या सायलेन्सरमधून बाहेर पडतात. तुमच्या डब्याची गरज किती? वीस फुटी डब्याचा पृष्ठभाग ७० चौरस मीटरच्या आसपास. पफ पॅनेल, म्हणजे भिंतींमधला उष्णता अडवणारा फोम, धड असतील, बाहेर ३८ अंश आणि आत शून्य असेल, तर भिंतींमधून आत येणारी उष्णता किलोवॅटभरच असते. दारं उघडणं, फटींतून शिरणारी हवा, मालाचा श्वसनाचा ताप आणि थोडी सूट धरली तरी ३ किलोवॅट पुरतात.

तीस जातात आणि तीन लागतात. एवढं पाहिलं की कुणालाही वाटणार, दहावा हिस्सा पकडला तरी झालं!

उष्णतेपासून गारवा होतो, यात शंका नाही. फ्रान्समध्ये फर्दिनां कारे यांनी अमोनिया आणि पाण्याचं असं मशीन १८५९ मध्येच केलं होतं. स्टॉकहोमच्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये एकही हलता भाग नसलेला फ्रिज बनवला. वीज नसलेल्या गावांत लशींसाठी रॉकेलवर चालणारे फ्रिज वापरात होते, ते त्याच वंशाचे. खाली ज्योत, आत बर्फ. हॉटेलच्या खोलीत आवाज न करणारा छोटा फ्रिज असतो, तोही बहुतेक वेळा याच तत्त्वावर चालतो.

तत्त्व असं. गारवा देणारं द्रव्य उकळून वाफ झालं की ते उष्णता शोषतं. ती वाफ पुन्हा वापरायची तर कमी दाबावरून जास्त दाबावर न्यावी लागते. नेहमीच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसर ती दाबतो आणि त्यासाठी इंजिनाची ताकद खातो. उष्णतेच्या मशीनमध्ये ती वाफ एका द्रवात मुरवतात. द्रव पंपाने जास्त दाबावर चढवायला नगण्य शक्ती लागते. वर नेऊन तो तापवला की वाफ पुन्हा सुटी होते. कॉम्प्रेसरचं काम आचेनं झालं.

या सोयीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली, आच बरीच लागते. शून्य अंशाच्या डब्यासाठी आतलं कॉइल शून्याखाली ठेवावं लागतं, त्यामुळे अमोनिया-पाण्याचंच मशीन हवं. दुसऱ्या जातीच्या, लिथियम ब्रोमाइड या मिठाच्या द्रावणात वाफ मुरवणाऱ्या मशीनमध्ये गारवा देणारं द्रव्य म्हणजे साधं पाणी, आणि पाणी शून्याला गोठतं. त्यातून साधारण ५ ते ७ अंशांचं पाणी मिळतं, शून्याखालचा गारवा नाही. अमोनियाचं मशीन आपल्या उन्हाळ्यात, हवेवर थंड होणारं, एक भाग आचेतून ०.४ भाग गारवा देईल असं धरा. म्हणजे ३ किलोवॅट गारव्याला ७.५ किलोवॅट आच, आणि तीही दीडशे अंशांच्या आसपासची. रेडिएटरचं पाणी ८५-९० अंशांचं असतं, त्यामुळे ते इथे बाद. सायलेन्सरच हवा.

दुसरी किंमत लोक विसरतात. आत घेतलेली उष्णता आणि वापरलेली आच, दोन्ही शेवटी बाहेर फेकायच्या असतात. कॉम्प्रेसरचं युनिट ३ किलोवॅट गारव्यासाठी साधारण ५ किलोवॅट बाहेर फेकतं. हे मशीन साडेदहा फेकेल. म्हणजे दुप्पट मोठा कंडेन्सर (उष्णता बाहेर फेकणारी जाळी) आणि त्याचे पंखे, तेही ट्रकवर, जिथे मोकळी हवा लागणारी जागा रेडिएटर आणि इंटरकूलरने आधीच अडवली आहे.

एवढं करूनही चालत्या गाडीत हिशेब बसतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. एक्झॉस्ट ३०० अंशांवर असेल आणि तो १५० पर्यंत थंड केला, तर त्या ३० किलोवॅटमधले सतराएक हाताला लागतात. त्यांतून सातएक किलोवॅट गारवा निघेल. गरज तिनाची. कागदावर उत्तम.

आता हाच कागद तुमच्या रस्त्यावर नेऊया. पिंपळगावहून निघून नाशिक ओलांडलं, इगतपुरीपर्यंत इंजिन ओढतंय, सायलेन्सर तापलेला, मशीन सुखात. कसारा घाट लागला. ड्रायव्हरने गिअर टाकून पाय उचलला. आजच्या इंजिनात अशा वेळी डिझेल सुटतच नाही. मग सायलेन्सरमधून जाते ती नुसती हवा. ती तुमच्या उष्णता पकडणाऱ्या नळ्या उलट थंड करत जाते. खाली शहापूर, पडघा, भिवंडी. तिथली वाहतूक तुम्हाला मी सांगायला नको. तिथून पुढे मुंब्रा बायपास किंवा शिळफाटा, आणि मग वाशीचं गेट. गेटवर तास-दोन तास गाडी उभी. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं तर तासाला फार तर दीड लिटर जळतं आणि एक्झॉस्ट सव्वाशे-दीडशे अंशांवर येतो. म्हणजे मशीनला हवं तेवढं तापमानच नाही, पकडणार काय? इंजिन बंद केलं तर प्रश्नच संपला.

आणि नेमकं तेव्हाच डब्याला गारवा सर्वांत जास्त हवा असतो. गाडी उभी, ऊन अंगावर, दार उघडून माल दाखवायचा. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. उष्णता किती जाते हे विचारण्याआधी ती कधी मिळते आणि किती तापमानाला मिळते हे विचारायचं. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाल्यामुळे घाट आणि शहापूर टळू शकतात, पण आमण्यापासून पुढचा रस्ता आणि गेटवरची रांग टळत नाही. शेवटी रांगेसाठी म्हणून तुमचं आताचं डिझेल युनिट ठेवावंच लागेल. म्हणजे एकाच डब्यावर दोन यंत्रणा.

बरं, वाचेल किती? मुख्य इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा साधा कॉम्प्रेसर असता, तर ३ किलोवॅट गारव्याला साधारण २ किलोवॅट ताकद, म्हणजे तासाला जेमतेम अर्धा लिटर डिझेल लागलं असतं. उष्णतेच्या मशीनशी खरी तुलना याच्याशी करायची. पाच तास चांगला रस्ता मिळाला, तर फेरीला अडीच लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर सव्वादोनशे रुपये. त्यासाठी अडीच-तीनशे किलोची लोखंडी यंत्रणा रोज वाहायची, तेवढे क्रेट कमी भरायचे, आणि अमोनियाच्या नळ्या रोज गचके खाणार. अमोनिया तांब्या-पितळेला खातो म्हणून सगळं काम पोलादात. गळती झाली तर डोळ्यांना आणि छातीला तो काय करतो हे मी कोल्ड स्टोअरमध्ये पाहिलं आहे. गर्दीच्या रस्त्यावर, ड्रायव्हरच्या पाठीमागे फूटभरावर मला तो नको.

आणखी एक अडचण कायद्याची आणि इंजिनाची मिळून आहे. गाडी बीएस-सहा असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियावर चालणारा कॅटॅलिस्ट आहे. युरियाचं काम नीट होण्यासाठी एक्झॉस्ट दोनशे अंशांच्या वर असावा लागतो, आणि फिल्टरमधली काजळी जाळायला साडेपाचशे-सहाशे. तिथून आधीच उष्णता काढली तर ही यंत्रणा उपाशी राहते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि इंजिनाची ताकद कमी केली जाते. म्हणून उष्णता घ्यायची तर सगळ्यात शेवटी, आणि तिथेही नळ्यांचा अडथळा आला की बॅक प्रेशर वाढतं. इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागला की तुम्ही जे वाचवायला निघालात तेच डिझेल तिथे जळतं. शिवाय मंजूर झालेल्या एक्झॉस्ट यंत्रणेला हात लावला की वॉरंटी आणि फिटनेस, दोन्हींचा प्रश्न उभा राहतो.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. सायलेन्सरकडे जाणाऱ्या ऊर्जेचा सर्वांत चांगला उपयोग तुमच्या गाडीत आधीच होतो आहे. टर्बोचार्जर म्हणजे तेच तर आहे. आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जाणाऱ्या वायूंवर चक्र फिरवायचं आणि त्याच जोरावर इंजिनात जास्त हवा भरायची. स्कॅनियाने १९९१ मध्ये ट्रकच्या इंजिनाला दुसरं चक्र लावून त्याची ताकद थेट क्रँकशाफ्टला दिली. तिथे गारव्याचा फेराच नाही, जिथे ताकद हवी तिथेच ती दिली. म्हणून ते टिकलं.

आता जनरेटर. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण हे काम मी केलं आहे.

जनरेटर जागेवर असतो, वजनाची चिंता नाही, बाजूला कुलिंग टॉवर बसवता येतो, आणि लोड बऱ्यापैकी स्थिर असतो. ट्रकला ज्या चार गोष्टी नडतात त्या इथे नडत नाहीत. तुमचा २५० केव्हीएचा सेट १६० किलोवॅट लोडवर चालत असेल, तर तासाला चाळीस-बेचाळीस लिटर जातात. म्हणजे ४२० किलोवॅट ऊर्जा आत. एक्झॉस्टमध्ये त्यातले एकशेवीसच्या आसपास, ४५० अंशांवर. तो १६० पर्यंत थंड केला तर ऐंशीएक किलोवॅट मिळतात. जॅकेटच्या, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यातून तेवढेच आणखी. दोन्ही मिळून लिथियम ब्रोमाइडच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या मशीनला दिले, तर ते ०.७ च्या हिशेबाने ११५ किलोवॅट, म्हणजे तीस टनांच्या वर गारवा देतं (गारव्याचा एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट, वजनाचा टन नव्हे). मी कागदावरच्या तिसाचे नेहमी पंचवीस धरतो. नळ्यांवर काजळी बसते, लोड पडतो, उन्हाळ्यात टॉवरचं पाणी गरम येतं. अशी मशीन आपल्याकडे, पुण्याच्या थरमॅक्ससारख्या कंपन्या बनवतात. परदेशाकडे बघायची गरज नाही.

पण हे पाणी ७ अंशांचं. द्राक्षांना शून्य हवं. मग त्याचा उपयोग कुठे? इथे थोडी अक्कल लढवली तर मार्ग आहे. १० टन द्राक्षं ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण ३१० किलोवॅट-तास उष्णता काढावी लागते. त्यातली ३० वरून १२ वर येईपर्यंतची ६० टक्के, आणि ती काढायला ७ अंशांचं पाणी पुरतं. म्हणून प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल भरण्याआधी गार करण्याच्या खोलीत दोन कॉइल एकामागे एक लावायची. परतणारी गरम हवा आधी पाण्याच्या कॉइलवरून, मग रेफ्रिजरंटच्या कॉइलवरून. सुरुवातीच्या तासांत, जेव्हा भार सर्वांत जास्त असतो, तेव्हा पाण्याचं कॉइल मोठा वाटा उचलतं. शेवटचे बारा अंश नेहमीच्या कॉम्प्रेसरचे. शिवाय पॅकिंग हॉल गार ठेवायला हेच पाणी चालतं. कामगारांनाही बरं आणि द्राक्षाच्या देठांनाही.

तर मग का नको म्हणतोय? तासांमुळे.

तुमचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. जनरेटर वीज गेल्यावरच चालतो. रोज दोन तास धरले आणि शंभर दिवस, तर २०० तास. पंचवीस टनांमागे तुमच्या कॉम्प्रेसरची पंचवीसएक किलोवॅट वीज वाचते. वर्षाला ५००० युनिट. जनरेटरच्या भाषेत तेराशे लिटर, म्हणजे सव्वा लाखाच्या आत. मशीन, एक्झॉस्टचा हीट एक्स्चेंजर, टॉवर, पंप, पाइपिंग या सगळ्याचं कोटेशन वीस लाखांचं आलं असं समजा, तर पैसे परत यायला सतराएक वर्षं. मशीनच्या आयुष्याचा बहुतेक भाग त्यातच जाईल. त्यात हे मशीन थंड अवस्थेतून पूर्ण ताकदीवर यायला वीस मिनिटं ते अर्धा तास घेतं. वीज तुकड्या-तुकड्यांनी जाणार असेल, तर मशीन तापतंय तोवर लाइट परत येतो.

हे हाल मी जवळून पाहिले आहेत. एका कारखान्यात आम्ही जनरेटरच्या उष्णतेवर असं मशीन बसवलं होतं. वीज परत आली की ऑपरेटर सेट झटकन बंद करायचा. लिथियम ब्रोमाइडचं द्रावण बंद करण्याआधी पातळ करावं लागतं, त्यासाठी पंप काही मिनिटं चालू ठेवावे लागतात. एका रात्री सेट बंद झाला तेव्हाच पंपांचा पुरवठाही गेला. दाट द्रावण हीट एक्स्चेंजरमध्ये थंड होऊन त्याचे खडे झाले, अगदी पाकाची साखर व्हावी तसे. बाहेरून शेक देऊन, थोडं थोडं पाणी सोडून ते मोकळं करायला आम्हाला दोन दिवस लागले. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. चालू-बंद होणाऱ्या सेटवर ते बसवण्याचा निर्णय चुकला होता, आणि त्या निर्णयात मीही होतो. तेव्हापासून पंपांना वेगळा खात्रीचा पुरवठा असल्याशिवाय मी सही करत नाही.

त्याच जागेवर दुसरं शिकलो ते काजळीचं. सेट बराच वेळ कमी लोडवर चालायचा. कमी लोडवर डिझेल नीट जळत नाही, काजळी जास्त येते. वर्षभरात एक्झॉस्टच्या नळ्या इतक्या भरल्या की बॅक प्रेशर इंजिन कंपनीने दिलेल्या मर्यादेवर गेलं, सेट काळा धूर ओकायला लागला आणि युनिटमागे डिझेल वाढलं. वाचवलेल्या विजेतला एक भाग असा परत गेला. म्हणून बायपासची झडप, नळ्या साफ करायला उघडणारं तोंड आणि दाब दाखवणारा गेज, या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. कोटेशन कमी दाखवण्यासाठी विकणारे यातलंच काहीतरी गाळतात, हे तपासून घ्या.

हीच यंत्रणा जिथे गॅसचं इंजिन दिवसाला सोळा-वीस तास चालतं आणि गारव्याची गरज वर्षभर असते, तिथे सोन्यासारखी चालते. पाइपचा गॅस असलेलं मोठं हॉस्पिटल, दुधाचा प्रकल्प, औषधांचा कारखाना. वर्षाला ५००० तास मिळाले तर वर सांगितलेला हिशेब पंचवीस पटींनी बदलतो. मशीन तेच, भौतिकशास्त्र तेच, फक्त तास वेगळे. तुम्ही पुढेमागे पॅकहाऊस बारमाही केलं, डाळिंब, भाजी, फ्रोझन माल सुरू केला आणि स्वतःच्या इंजिनावर रोज दहा-बारा तास वीज करायची वेळ आली, तर मला पुन्हा विचारा. माझं उत्तर बदललेलं असेल.

चालत्या वाहनात ही कल्पना कुठे जमेल असं कुणी विचारलं, तर मी ट्रकआधी समुद्राकडे बोट दाखवेन. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरचं इंजिन तासन्‌तास एका वेगात ओढतं, आणि उष्णता फेकायला खाली अथांग पाणी आहे. मोठ्या जहाजांवर जॅकेटच्या गरम पाण्याने समुद्राचं पाणी कमी दाबाखाली उकळून गोडं पाणी करणं ही कित्येक दशकांची रोजची गोष्ट आहे, आणि एक्झॉस्टवर वाफेचे बॉयलरही चालतात. लहान होडीत अडचण डोलण्याची आणि अमोनियाची. त्यासाठी द्रवाऐवजी घन पदार्थात वाफ मुरवणारी मशीन आहेत, सिलिका जेल किंवा सक्रिय कोळशाची, पण ती जड आणि अवजड आहेत. तरीही आपल्या किनाऱ्यावर यावर मन लावून काम व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ट्रॉलर बर्फ भरून जातो आणि बर्फ संपला की जाळं अर्ध्यात सोडून परत फिरतो, हे मी ऐकलंय आणि ते ऐकताना वाईट वाटलंय.

इंजिनात जाणाऱ्या हवेबद्दल. गॅस टर्बाइनमध्ये हा उपाय खरोखर केला जातो. टर्बाइनची क्षमता १५ अंशांच्या हवेवर मोजतात, आणि चाळीस अंशांच्या दुपारी ती पंधरा-वीस टक्क्यांनी पडू शकते. तिथे एक्झॉस्टवर गारवा करून आत येणारी हवा थंड केली की मोठा फायदा होतो. तुमच्या ट्रकमध्ये टर्बोने तापवलेली हवा इंटरकूलर आधीच दीडशेच्या आसपासवरून पन्नासेक अंशांवर आणतो. त्याखाली आणखी वीस अंश उतरवल्याने डिझेलमध्ये फार थोडा फरक पडतो, आणि पावसाळ्यात त्या नळीत दव साचतं ते वेगळंच. इंटरकूलरच्या फिनमधली धूळ आणि किडे साफ केलेत आणि होजची गळती बंद केलीत, तर याहून जास्त पदरात पडेल.

मग तुमच्या हाती काय आहे? माझ्या अनुभवात रीफर गाडीचं सर्वांत जास्त डिझेल गरम माल भरण्यात जातं. ५ टन द्राक्षं २५ अंशांवर भरली आणि गाडीने ती शून्यावर आणायची म्हटलं, तर सव्वाशेच्या वर किलोवॅट-तास उष्णता काढावी लागते. छोट्या इंजिनाचं युनिट त्यासाठी तीस-पस्तीस लिटर जाळेल, आणि वाशी येईपर्यंत काम पूर्णही होणार नाही, कारण दाटीने रचलेल्या क्रेटमधून हवा नीट फिरत नाही. हेच काम पॅकहाऊसच्या विजेवर पन्नासएक युनिटमध्ये होतं. तीन हजार रुपये आणि चार-पाचशे रुपये, एवढा हा फरक आहे. सायलेन्सरमधून फेरीला सव्वादोनशे वाचवायचे की हे, ते तुम्हीच बघा. गाडीचं काम आलेला गारवा राखण्याचं आहे, गारवा करण्याचं नाही. माल आधी पूर्ण गार, डबा भरण्याआधी विजेवर गार केलेला, आणि दाराची रबरं धड. पफ पॅनेलला कुठे भोक पडलंय का आणि आत पाणी शिरलंय का, हे हाताने दाबून बघा. ओलं पॅनेल उष्णता अडवत नाही आणि वजन वाढवतं.

युनिटला विजेवर चालण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर बसवून मिळते का ते विचारा. पॅकहाऊसवर आणि कोल्ड स्टोअरच्या धक्क्यावर प्लग मिळाला तर ते तास डिझेलचे राहत नाहीत. युनिटवर सतत चालू आणि थांबून-थांबून अशा दोन पद्धती असतात. थांबून चालवलं की डिझेल वाचतं, पण ताज्या मालाला हवा फिरती लागते, म्हणून द्राक्षांसाठी आंधळेपणाने ते बटण दाबू नका. गोठलेल्या मालाला चालतं.

वेगळ्या इंजिनाचं युनिट काढून मुख्य इंजिनावरचा कॉम्प्रेसर घ्यावा का, हा मात्र खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. रस्त्यावर तासाला दोन लिटरच्या जागी अर्धा लागेल. पण गाडी फेरीत चार-चार तास उभी राहत असेल, तर तेवढा वेळ मोठं इंजिन न्यूट्रलमध्ये दीड लिटरने जळणार, वर कॉम्प्रेसरचा भार, आणि कमी वेगामुळे गारवाही कमी. थांबे फार असतील तर तुमचं आताचंच युनिट बरं. पळणं जास्त आणि थांबायच्या जागी प्लग असेल तर बदल फायद्याचा.

हे ठरवायला मला तुमच्या गाडीचे आकडे लागतील, म्हणून एक काम करा. बाजारात वायरवाला डिजिटल थर्मामीटर मिळतो, जो पाचशे-सहाशे अंश सहज दाखवतो. त्याची तार सायलेन्सरच्या अगदी शेवटच्या तोंडाशी बांधा, आणि एक साधा थर्मामीटर डब्यात मागच्या दाराजवळ ठेवा. पुढच्या फेरीत क्लीनरला दर पंधरा मिनिटांनी वही लिहायला सांगा: वेळ, ठिकाण, सायलेन्सर किती, डबा किती, गाडी चालू की उभी. युनिटचा तास दाखवणारा मीटर निघताना आणि पोचल्यावर लिहा. माल भरताना दोन-चार क्रेटमधल्या मण्यांच्या आतलं तापमानही टोचून घ्या. ती वही इथे टाका. कसाऱ्याच्या खाली आणि वाशीच्या गेटवर काय आकडे आले, ते मला बघायचे आहेत.